फडके, खांडेकर आणि आमच्या घरातली साठमारी

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद ज्यांनी फक्त बी. ए.च्या प्रश्नपत्रिकेत पाहिला, त्यांची अशी समजूत झालेली असते की तो मोठा तात्त्विक, गंभीर आणि म्हणूनच कंटाळवाणा प्रकार असावा. उत्तरपत्रिकेत मधोमध रेघ मारायची, डावीकडे ना. सी. फडके आणि उजवीकडे वि. स. खांडेकर यांची मते लिहायची, शेवटी ‘दोन्ही मतांत तथ्यांश आहे’ असे म्हणून समेट घडवून आणायचा आणि पुरवणी बांधून पर्यवेक्षकाच्या हवाली करायची, एवढाच त्याचा उपयोग. प्रत्यक्षात १९३०च्या आसपास पेटलेला आणि पुढे दीड दशक धुमसत राहिलेला हा वाद चांगलाच चविष्ट होता. त्यात सौंदर्यशास्त्र होते, तसा हेवाही होता. व्यासपीठावरची भाषणे होती आणि व्यासपीठामागची कुजबुजही होती. मुख्य म्हणजे त्यात वाचक नुसते श्रोते नव्हते, तर पक्षाचे सभासद असल्यासारखे भांडत होते. आमच्या घरात तो वाद अजूनही निकालात निघालेला नाही. माझे वडील फडक्यांच्या बाजूचे आहेत आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, खांडेकरांची. दोघेही आता सत्तरी ओलांडून पुढे गेलेले आहेत, त्यामुळे कोणी कोणाचे मन वळवण्याची शक्यता उरलेली नाही आणि म्हणूनच त्यांचे भांडण ऐकण्यासारखे असते.

आधी दोन्ही सेनापतींविषयी थोडे सांगतो. नारायण सीताराम फडके यांचा जन्म १८९४चा. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवत. राहणी टापटिपीची, भाषा इस्त्री केलेली आणि स्वतःच्या कर्तृत्वाविषयी कोणताही संकोच नाही. कादंबरीने वाचकाला आनंद द्यावा, सौंदर्याचा अनुभव द्यावा; समाज सुधारणे, राष्ट्र उभारणे, नीती शिकवणे ही कामे महत्त्वाची असली तरी ती दुसऱ्या खात्याची आहेत, हे त्यांचे सरळ म्हणणे होते. विष्णु सखाराम खांडेकर त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेले आणि १९३८पर्यंत तिथेच राहिले. कोकणातल्या त्या गावात त्यांनी दारिद्र्य फार जवळून पाहिले, स्वतःच्या प्रकृतीने आणि दृष्टीनेही त्यांना कधी धड साथ दिली नाही, आणि अशा माणसाला ‘लेखकाने फक्त सुंदर तेवढे पाहावे’ हे पटणे शक्यच नव्हते. पुढे चित्रपटांच्या लेखनाच्या निमित्ताने खांडेकर कोल्हापूरला आले आणि मराठी साहित्यातली ही दोन विरुद्ध टोके काही वर्षे एकाच गावात नांदली. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी समोरासमोर आले असतील तर हे दोघे एकमेकांशी काय बोलले असतील, याची कल्पना करण्यात आमच्या वडिलांचा वेळ बरा जातो. त्यांच्या मते फडके हवेविषयी बोलले असते आणि खांडेकरांनी त्या हवेला कशाची तरी उपमा दिली असती.

ही थट्टा वरवरची वाटली तरी तिच्यात खरी मेख आहे. तत्त्व पाहिले तर फडके सौंदर्यवादी आणि खांडेकर जीवनवादी. मग शैली कोणाची नटलेली असायला हवी आणि कोणाची साधी? घडले ते नेमके उलटे. सौंदर्याची आरती ओवाळणाऱ्या फडक्यांचे गद्य स्वच्छ, सुटसुटीत आणि वेगवान आहे. वाक्य कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे वाचकाला नेहमी कळते. आणि गोरगरिबांच्या दुःखाचा ध्यास घेतलेल्या खांडेकरांच्या गद्यात मात्र अलंकारांची एवढी दाटी असते की दुःखापर्यंत पोहोचायला दोन उपमा आणि एक उत्प्रेक्षा ओलांडावी लागते. त्यांच्या पात्राने नुसता चहा मागवला तरी कपातली वाफ त्याला मानवी आशेविषयी काहीतरी सुचवूनच विरते. हा दोष खांडेकरांना त्यांचे गुरुस्थानी असलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी यांच्याकडून वारशाने मिळाला, असे म्हणायची पद्धत आहे, आणि ती बरोबरही आहे. परंतु वारसा नाकारता येतो. खांडेकरांनी तो वाढवला.

आता आमच्या घरातली बाजू. गेल्या दिवाळीत फराळाची ताटे समोर असताना विषय निघाला, आणि कोणी काढला हे सांगायला नकोच.

“खांडेकर वाचताना मला सारखं वाटतं की मास्तरांनी आपल्याला बाकावर उभं केलंय,” वडील म्हणाले. “कादंबरी संपली तरी ते ‘बस’ म्हणत नाहीत.”

“आणि तुझ्या फडक्यांचे नायक बसलेलेच असतात, दादा. आरामखुर्चीत,” आत्या म्हणाली. “त्यातल्या एकाला तरी महिनाअखेरीची काळजी पडलेली दाखव, मी आजपासून खांडेकर सोडते.”

“महिनाअखेरीची काळजी मला घरात फुकट मिळत होती. तीच पुन्हा पैसे मोजून वाचनालयातून कशाला आणू?”

‘कलेसाठी कला’ या भूमिकेची याहून चांगली वकिली मी कुठल्याही समीक्षाग्रंथात वाचलेली नाही. फडक्यांनी स्वतः ती मांडताना सौंदर्य, आत्मप्रत्यय, कलानंद असे वजनदार शब्द वापरले, आणि त्यामुळे ती भूमिका सुखवस्तू माणसाच्या चोचल्यासारखी वाटू लागली. परंतु फडके वाचणारे सगळे सुखवस्तू नव्हते. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करणारा कारकून आणि दुपारी घरातली कामे आटोपून पुस्तक उघडणारी त्याची बायको यांना जिच्यात मोटार आहे, टेनिस आहे, समुद्रकिनारा आहे आणि शेवटी लग्न आहे, अशी कादंबरी हवीशी वाटली, तर त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. चुकले असेल तर फडक्यांचे, कारण त्यांनी या साध्या गरजेला सिद्धान्ताचा कोट चढवला.

आत्यावर हा युक्तिवाद चालत नाही. ती जन्मभर शाळेत शिकवत होती, आणि तिच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षिकांप्रमाणे खांडेकरांनी तिला हे सांगितले होते की आपले लहानसे, कष्टाचे, कोणाच्या लक्षात न येणारे आयुष्य एखाद्या ध्येयाला बांधलेले असू शकते. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या दोन्ही कादंबऱ्या १९३४च्या. तिने त्या वाचल्या तेव्हा त्यांना तीस वर्षे झाली होती, तरीही तिच्यावर त्यांचा परिणाम ताजाच झाला. फडक्यांच्या नायिकेच्या पातळाचा रंग, त्याचा काठ, त्याला जुळणारे पोलके आणि केसांतले फूल यांची नोंद एखाद्या कापडदुकानदाराच्या चोपडीइतकी चोख असते. पण ती नायिका विचार काय करते हे विचारले तर फडके घड्याळाकडे पाहतात, असे आत्याचे म्हणणे आहे.

गंमत अशी की खांडेकरांची सर्वांत निर्दय टीकाकारही आत्याच आहे. ‘ययाति’ १९५९ साली आली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि खांडेकरांना पुढे १९७४चे ज्ञानपीठ. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. त्यामुळे ‘ययाति’विषयी वावगे बोलणे हा अनेक घरांत आजही उद्धटपणा समजला जातो. आत्याला तसे भय नाही. ‘ययाति’ची रचना तिला बिनचूक माहीत आहे: कथा आळीपाळीने ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतः सांगतात. एकच संसार तिघांच्या तोंडून ऐकायचा, प्रत्येकाचे दुःख वेगळे, प्रत्येकाचा अहंकार वेगळा, ही योजना उत्तमच आहे. “पण मला सांग,” आत्या म्हणते, “राजा, ब्राह्मणाची मुलगी आणि दासी झालेली राजकन्या, तिघंही एकाच शिकवणीला जात होते का? तिघांच्याही बोलण्यात त्याच उपमा. वरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय ते ओळखून दाखव.” मी झाकून पाहिले आहे. घटनांवरून ओळखता येते, भाषेवरून येत नाही. देवयानीसारखी फणकारणारी, मत्सराने जळणारी, मराठी कादंबरीतल्या सर्वांत जिवंत खलनायिकांपैकी एक ठरू शकली असती अशी बाई, एकदम थांबून प्रीतीच्या स्वरूपावर चिंतन करू लागते तेव्हा तिला कोणीतरी मागून पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करत असल्यासारखे वाटते. आणि कच. कचाने संयमाची महती सांगायला सुरुवात केली की आत्या चष्मा पुसायला घेते आणि तो बोलायचा थांबला की पुन्हा लावते, हे तिने स्वतःच कबूल केले आहे. तरीही ती ‘ययाति’ पुन्हा पुन्हा वाचते. ययातीच्या तोंडची भोगाची कधीही न शमणारी तहान ज्या पानांत येते, ती पाने लिहिणारा माणूस नुसता उपदेशक असूच शकत नाही, हा तिचा दावा आहे आणि तो मला मान्य आहे. उपदेशक खांडेकरांना भोगाचे वर्णन जितके साधले, तितके सौंदर्यवादी फडक्यांना क्वचितच साधले.

वडिलांनाही फडक्यांचे उणे माहीत आहे, पण ते सांगताना त्यांचा सूर मित्राच्या खोडीविषयी बोलावे तसा असतो. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरी कशी रचावी याचे तंत्रच सांगून टाकले. आरंभ आकर्षक हवा, मग निरगाठ बसावी, गुंतागुंत वाढावी, उत्कंठा शिगेला पोहोचावी आणि योग्य क्षणी उकल व्हावी. तंत्र निर्दोष आहे. अडचण इतकीच की फडक्यांच्या कित्येक कादंबऱ्यांतली गुंतागुंत एका पोस्टकार्डाने सुटण्यासारखी असते. नायिकेने नायकाला परक्या स्त्रीशी बोलताना पाहिलेले असते, ती स्त्री त्याची चुलत बहीण असते, आणि हे वाक्य कोणीही उच्चारू नये म्हणून दीडशे पाने सगळी पात्रे कमालीची दक्षता बाळगतात. वडिलांना यात गैर वाटत नाही. त्यांच्या मते गैरसमज ही कादंबरीची भांडवली गुंतवणूक आहे आणि ती लवकर मोडली तर व्याज मिळत नाही. शिवाय फडक्यांवर उसनवारीचा आरोप होताच. त्यांची ‘अल्ला हो अकबर’ ही १९१७ची पहिली कादंबरी मेरी कॉरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली होती, आणि त्यानंतर फडक्यांचे नवे पुस्तक आले की मूळ इंग्रजी पुस्तक शोधण्याचा छंद काही विद्वानांना जडला. वडील या आरोपावर फक्त एवढेच म्हणतात की ज्यांनी मूळ शोधले, त्यांनी फडके पूर्ण वाचले असणार.

तत्त्वांचे म्हणाल, तर ती दोघांनीही पुरती पाळली नाहीत. राजकारणाशी कलेचा संबंध काय, असे विचारणाऱ्या फडक्यांनी पुढे राजकीय घडामोडींच्या पार्श्वभूमीवर एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. आणि जीवनवादी खांडेकरांची सर्वांत गाजलेली कादंबरी घडते ती हस्तिनापूरच्या राजवाड्यात, शिरोड्याच्या बाजारात नव्हे. ज्या १९५९ साली ‘ययाति’ प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ही आली, आणि तिला प्रस्तावना होती खांडेकरांचीच. जीवनासाठी कला म्हणजे काय हे दाखवणारे पुस्तक त्यांनी ओळखले, त्याचे मनापासून स्वागत केले आणि स्वतः मात्र महाभारतातला राजा निवडला. याला मी विसंगती म्हणत नाही. कोणत्या लेखकाला काय लिहिता येते आणि त्याला काय लिहायला हवे असे वाटते, यांतले अंतर त्या एका वर्षात फार स्पष्ट दिसते, एवढेच.

या भांडणात आचार्य अत्रे नसते तर ते खरोखरच प्रश्नपत्रिकेपुरते उरले असते. साहित्य संमेलनाचा इतिहास पाहिला तर एक मजेशीर ओळ सापडते: १९४० साली रत्नागिरीला अध्यक्ष फडके, १९४१ साली सोलापूरला खांडेकर आणि १९४२ साली नाशिकला अत्रे. सलग तीन वर्षे तीन पक्षांना खुर्ची देऊन मराठी साहित्यिकांनी आपला सर्वपक्षसमभाव सिद्ध केला. त्यातला तिसरा पक्ष अत्र्यांचा, आणि त्या पक्षाचा जाहीरनामा म्हणजे जो कोणी फार गंभीर चेहरा करून बसला असेल त्याची टोपी उडवणे.

अत्र्यांनी हे काम फार आधीच सुरू केले होते. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आणि इतर काही कवी दर रविवारी चहाला जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांचे संग्रह काढत. कविता चांगल्या होत्या, पण त्या कविता लिहिणाऱ्यांना आपण कवी असल्याची जाणीव जरा जास्तच होती. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ काढले आणि या मंडळींच्या सुरांची, त्यांच्या शब्दांच्या लकबींची, फारसी शब्दांच्या पेरणीची आणि प्रेमातल्या हळवेपणाची अशी काही नक्कल केली की मूळ कविता विसरलेल्या लोकांनाही तिचे विडंबन पाठ राहिले. आता माधव जूलियन हे काही लेचेपेचे कवी नव्हते. छंदःशास्त्रावरचा ‘छंदोरचना’ हा त्यांचा ग्रंथ आजही कोणाला ओलांडता आलेला नाही. अशा कवीची टर उडवायची तर त्याच्या वृत्तावर त्याच्याइतकीच पकड हवी. अत्र्यांची होती. विडंबनातली एक मात्रा चुकली असती तर पुण्यातल्या लोकांनी त्यांना तिथेच गाठले असते. म्हणून मला ‘झेंडूची फुले’ हे टवाळीचे पुस्तक वाटतेच, पण त्याहून अधिक ते मराठी कवितेच्या बारकाईने केलेल्या वाचनाचे पुस्तक वाटते. रविकिरण मंडळावर नंतर लिहिल्या गेलेल्या आदरयुक्त प्रबंधांपैकी किती लेखकांनी मूळ कविता इतक्या काळजीने वाचल्या असतील, याविषयी मला दाट शंका आहे.

आणि हेच अत्रे पुढे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर १९५३ साली चित्रपट काढतात, तो पाहताना अख्खे थिएटर हुंदके देते, आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळते. हळव्या कवींची चामडी सोलणाऱ्या माणसाने मराठीतल्या सर्वांत अश्रुपूर्ण पुस्तकाला हात लावावा, हे वडिलांना अजून कळलेले नाही. आत्याला कळले आहे. तिच्या मते अत्र्यांना खोटे रडणे तेवढे सहन होत नसे.

अत्र्यांच्या बाबतीत एक पथ्य मात्र पाळावे लागते. त्यांच्या नावावर आज जेवढे किस्से खपतात, तेवढे प्रत्यक्ष घडायचे तर अत्र्यांना नाटके, चित्रपट, ‘नवयुग’, ‘मराठा’ आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन यांपैकी कशालाही वेळ उरला नसता. दिवसभर कोणी तरी येऊन त्यांना मूर्ख प्रश्न विचारावा आणि त्यांनी त्याला सभेत निरुत्तर करावे, एवढेच करावे लागले असते. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या यांतल्या निम्म्या किश्श्यांत अत्र्यांच्या जागी पु. ल. देशपांडे घातले तरी चालतात, आणि उरलेल्यांत चर्चिल. गेल्या दहा हजार वर्षांत असा माणूस झाला नाही, ही अत्र्यांची आवडती अतिशयोक्ती. तिचा हिशेब त्यांच्या किश्श्यांना लावला तर दहा हजार वर्षेही कमी पडतील. फडक्यांविषयी अत्रे म्हणून जे काही बोलल्याचे सांगितले जाते, त्यातले छापील काय आणि कट्ट्यावरचे काय हे वेगळे करणे अवघड असल्यामुळे मी ते इथे देत नाही. वाचकांची थोडी निराशा होईल, पण ते किस्से त्यांच्याकडे आधीच आलेले असणार.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र मला दोन्ही पक्षांना सुनवावीशी वाटते, आणि ती मी आमच्या घरात सुनावलीही आहे. कला जीवनासाठी असावी की कलेसाठी, याचा खल चालू असताना १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा लहानसा कथासंग्रह आला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालते, घरच्यांना त्यांच्या पगाराची कशी सवय लागते, त्यांच्या शरीराला आणि मनाला काय हवे असते, हे त्यात सरळ लिहिले होते. जीवन म्हणतात ते हेच. त्यावर सुशिक्षित महाराष्ट्राने काय केले? निषेधाच्या सभा घेतल्या आणि ही विभावरी शिरूरकर खरी कोण, याचा शोध सुरू केला. बाई असे लिहूच शकत नाही, हा पुरुषच असणार, अशीही कुजबुज झाली. ‘जीवनासाठी कला’ म्हणणाऱ्या गावात जीवन प्रत्यक्ष दारात येऊन उभे राहिले तेव्हा लोकांनी त्याला आधी नाव-गाव विचारले. पुढे उघड झाले की त्या मालतीबाई बेडेकर, माहेरच्या बाळूताई खरे.

त्यांचे पती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून आशियाकडे निघालेली बोट, तीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि परतीच्या वाटेवरचा चक्रधर. एवढ्याशा पुस्तकात प्रेमही आहे, राजकारणही आहे, आणि त्यांपैकी काय कशासाठी आहे हे विचारावेसे वाटत नाही. ही दोन्ही पुस्तके ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केली. म्हणजे वादाच्या ऐन भरात, दोन्ही सेनापतींच्या छावण्यांपासून दूर, एकाच घरातल्या नवरा-बायकोने आणि एका धाडसी प्रकाशकाने त्या वादाचा निकाल लावून टाकला होता. फक्त तो जाहीर करायला कोणी मोकळे नव्हते. ‘रणांगण’ आल्यानंतरच्या वर्षी रत्नागिरीच्या संमेलनात अध्यक्षपदाची माळ फडक्यांच्या गळ्यात होती.

पुढच्या पिढीने या दोघांना कसे वागवले ते थोडक्यात सांगून टाकतो. नवकथाकारांनी फडक्यांचे तंत्र मोडीत काढले. निरगाठ नाही, उकल नाही, कधी कधी तर गोष्टही नाही, अशा कथा लिहून गंगाधर गाडगीळ आणि त्यांच्या बरोबरीच्या लेखकांनी ‘प्रतिभासाधन’ अडगळीत टाकले. मग भालचंद्र नेमाड्यांनी ‘लेखकाचा लेखकराव’ कसा होतो हे सांगितले आणि त्या एका शब्दात हार-तुरे, सत्कार, प्रस्तावना आणि अध्यक्षीय भाषणे यांत गुरफटलेल्या सगळ्यांनाच गुंडाळले. वडिलांना नेमाडे आवडत नाहीत, पण ‘लेखकराव’ हा शब्द ते खांडेकरांसाठी वापरतात. आत्या तोच शब्द फडक्यांसाठी वापरते. नेमाड्यांचा एवढा निःपक्षपाती उपयोग इतरत्र होत नसावा.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मला दोघांच्याही कादंबऱ्यांपेक्षा त्यांचे लहान लेखन टिकाऊ वाटते. फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’ आजही सहज वाचता येतात; तिथे नायिका नाही, गैरसमज नाही, नुसता एक चोखंदळ, जरासा आत्मसंतुष्ट माणूस आपल्या आवडीनिवडींविषयी बोलत असतो आणि त्याचे बोलणे ऐकावेसे वाटते. खांडेकरांच्या रूपककथांचे तसेच. दीड-दोन पानांची कथा असल्यामुळे उपमेला कामच करावे लागते, नुसते मिरवता येत नाही. लघुनिबंध मराठीत आधी कोणी आणला, फडक्यांनी की खांडेकरांनी, यावरही भांडण आहेच, आणि ते आमच्या घरात मी मुद्दाम होऊन सुरू केलेले नाही, कारण मला संध्याकाळी इतर कामे असतात.

ज्यांच्यावरून कोणीच भांडत नाही अशा लेखकांची मात्र मला खरी कीव येते, आणि त्यांत पहिले नाव वामन मल्हार जोशी यांचे. १९३० साली मडगावला झालेल्या संमेलनाचे ते अध्यक्ष. स्वभावाने इतके समतोल की स्वतःचे मत मांडून झाल्यावर विरुद्ध बाजूचा सर्वांत प्रबळ मुद्दा तेच पुढे करत आणि मग दोन्हींकडे साशंकतेने पाहत. अशा माणसाचा पक्ष बनत नाही, अनुयायी मिळत नाहीत आणि किस्से तर मुळीच तयार होत नाहीत. पण ‘कला आणि नीती’ या प्रश्नाचा जेवढा समजूतदार ऊहापोह त्यांच्या ‘इंदू काळे व सरला भोळे’ या १९३४च्या कादंबरीत आहे, तेवढा फडके-खांडेकरांच्या साऱ्या चकमकींत मिळून नाही. ती सगळी पत्रांतून सांगितलेली आहे. त्यातली माणसे एकमेकांना पत्रे लिहितात, मते मांडतात, बदलतात, दुखावतात, पुन्हा लिहितात. मला ती कादंबरी फार आवडते आणि तिच्या नावामुळे ती पाककलेचे पुस्तक समजून वाचायची राहून गेलेल्या बायका मला माहीत आहेत.

दिवाळीतल्या त्या भांडणानंतर मी माझी प्रत आत्याला दिली. वडिलांनी ती आधीच नाकारली होती, पत्रे वाचायला आपण काही पोस्टमन नव्हे म्हणून. तीन-चार दिवसांनी आत्याचा फोन आला.

“अरे, हे वामन मल्हार बरे आहेत,” ती म्हणाली. “पण ही माणसं एकाच जिल्ह्यात राहतात की नाही? मग उठून भेटायला का जात नाहीत? आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं म्हणणं लगेच कसं पटतं? आमच्या दादाला यातलं एक तरी पत्र पाठवून बघायला हवं होतं त्यांनी.”